रफाएल, नऊ दिवस

भाऊ घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा आईने आमच्या हझानकाकांना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या काकांना, बोलावून घेतलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातून आलेले, घरात मराठीच बोलणारे यहुदी. माणूस फारच आजारी असला की आमच्याकडे त्याचं नाव बदलतात. मृत्यूचा दूत जुन्या नावाने शोधत येतो, त्याला तो सापडू नये म्हणून. काकांनी खाटेशी उभं राहून भावाचं नाव रफाएल ठेवलं. रफाएल म्हणजे देवाने बरं केलं. आता जुनं नाव कुणीही घ्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

भाऊ तेव्हा शुद्धीवर होता. "रफाएल ना? मग सुया पण त्यालाच टोचा," तो म्हणाला. आई हसली नाही.

मी मुलुंडला घरी येऊन आमचं पवित्र शास्त्र उघडलं. या नावाचं कुणी आजारातून उठलं होतं का, एवढंच मला हवं होतं. सापडला तो एकच, मंदिराच्या द्वारपाळांच्या यादीत. बापाचं नाव, भावांची नावं, घरातले सगळे अंगाने मजबूत, बस. तो कधी आजारी पडला होता की नाही, कुणी लिहिलेलं नाही. आईला मी सांगितलं, होता एक, चांगला धडधाकट होता.

आठव्या दिवशी भाऊ बोलेनासा झाला. डोळे उघडे, नजर छताला. हाक मारा, ऐकू येत असेल, असं नर्स म्हणाली. आई "रफाएल, बाळा, रफाएल" म्हणत राहिली. त्याने मान वळवली नाही. तो कोणत्या हाकेला वळेल हे मला ठाऊक होतं. चाळीस वर्षं तो त्याच हाकेला वळत आला होता. ओठांवर आलेलं नाव मी गिळलं. दाराशी उभं राहून कुणी ऐकत असेल, अशी भीती मला, इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईला, खरोखर वाटली.

दुसऱ्या दिवशी तो गेला.

कबरस्तानात काकांनी प्रार्थनेत जुनं नाव घेतलं तेव्हा मी दचकले. नंतर त्यांनी हळू आवाजात समजावलं, की नवं नाव घेऊन माणूस महिनाभर जगला तरच ते त्याचं होतं. नाहीतर तो पहिल्याच नावाने जातो. दगडावरही तेच कोरायचं.

आई कोरड्या डोळ्यांनी ऐकत होती. मग माझ्याकडे वळली. "म्हणजे इतके दिवस मी कुणाला हाका मारत होते गं?"

मी तिचा हात धरून तिला फाटकापर्यंत आणलं. त्याचं जुनं नाव मला अजूनही मोठ्याने घेता येत नाही.