शिडी धरणाऱ्या इंदूकाकू

काम झालं की राडारोडा गोणीत भरून खाली टाकता येतो, पण किस्से कुठे टाकणार? ते आपल्याबरोबर घरी येतात आणि पुढच्या रविवारी चहाबरोबर पुन्हा बाहेर निघतात.

आम्ही काळाचौकीच्या एका चाळीतले चौघे. मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन करणारा प्रकाश, ड्रिल मशीन चालवणाऱ्या कांबळे वहिनी, पुट्टी लावणारी मी आणि शिडी धरणाऱ्या इंदूकाकू. ज्या शेजाऱ्याला कारागीर लावणं जमत नाही, त्याच्या खोलीची डागडुजी आम्ही रविवारी करतो. फळ्या, खिळे, रंग, सगळं मांडवातून उरलेलं.

प्रकाशला साधी भिंत रंगवताच येत नाही. सावंत वहिनींच्या स्वयंपाकाच्या भिंतीला नुसता पिवळा रंग मारायचा होता. आम्ही जेवून येईपर्यंत त्याने तिथे राजवाडा काढला. सोनेरी कमान, वर दोन मोर. वहिनींनी विळी मांडली आणि भिंतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ह्याच्यासमोर आता मी कांदा कसा चिरू?"

आज मजल्यावरचे सगळे वाढदिवस त्या भिंतीपुढे होतात. फोटोपुरता कुकर बाजूला घ्यावा लागतो, एवढंच.

शिंदे भाऊंचे पाय अधू झाले. आधाराशिवाय उठता येईना, म्हणून खाटेशेजारी हँडल बसवायचं ठरलं. कांबळे वहिनींनी जरा जास्तच जोर लावला आणि ड्रिल थेट पलीकडच्या खोलीत! आम्ही माफी मागायला धावलो. तर शेजारी शांतपणे म्हणाला, "वहिनी, पाडलंच आहे तर थोडं मोठं करा. माझी केबलची वायर जाईल."

त्या हँडलला धरून भाऊ पहिल्यांदा आपले आपण उठले, ते पलीकडचं भोक बघायला.

गावडे आजोबा एकटे राहतात. त्यांचं दार कित्येक वर्षं नीट लागत नव्हतं. आम्ही ते घासून, बिजागऱ्या बदलून असं चोख केलं की एका बोटाने बंद व्हावं. पुढच्या रविवारी आजोबा हजर. म्हणाले, "पूर्वी येता जाता कुणीही डोकावायचं. आता सगळ्यांना वाटतं, म्हातारा झोपलाय. थोडं बिघडवून द्याल का?"

प्रकाशने लाकडाची पाचर करून दाराखाली सारली. दार पुन्हा अर्धं उघडं राहिलं आणि आजोबांकडे पुन्हा गर्दी.

आता इंदूकाकू. वय ऐंशीच्या आसपास, पण आमची शिडी दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत. प्रकाशने एकदा वरून विचारलं, "काकू, मी पडलो तर धराल ना?"

"तुका कित्याक? रंगाचो डबो धरीन," काकू म्हणाल्या.

सगळ्यांच्या घरात काकू शिडी धरून उभ्या, स्वतःच्या दाराला मात्र कुलूप. त्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. छताच्या फळ्या सडलेल्या, पावसात पलंगावर पातेली मांडावी लागतात, हे चाळीला ठाऊक होतं. विषय काढला की एकच उत्तर, "माका काय धाड भरली? ज्येंका गरज आसा, थंय जावा."

शेवटी काकूंच्या मुलीने बजावलं, पावसाच्या आत छत झालं नाही तर कायमचं आपल्याकडे बदलापूरला न्यायचं. न्यायला यायचा रविवारही ठरला. चाळ सोडायची म्हटल्यावर काकूंचं जेवण सुटलं, तरी छत करा म्हणेनात.

तो रविवार उजाडला. काकू नेहमीसारख्या खाली आल्या. मी विचारलं, "काकू, आज कुणाकडे?" त्या जिना चढू लागल्या. आम्ही शिडी घेऊन मागे. त्या थेट स्वतःच्या दारापाशी थांबल्या, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"ह्या घरातली म्हातारी भायर गेली हा," काकू म्हणाल्या. "भारी हट्टी आसा. ती येवच्या आत आटपा."

आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.

चाळीतली आणखी माणसं आली. संध्याकाळपर्यंत नव्या फळ्या बसल्या, वर पत्रा चढला. प्रकाशला मी छताला हत्ती काढू दिला नाही.

तेवढ्यात मुलगी आली, चेनच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन. छताकडे बघत दारातच उभी राहिली. काकूंनी तिच्या हातातली एक बॅग घेतली, चेन उघडली आणि कोपऱ्यातल्या सडक्या फळ्यांकडे बोट दाखवलं.

"बॅगा आणलंस ता बरा केलंस. ह्यो कचरो भर आणि जाताना खाली टाक."