आमच्या साडूंचं ब्रेक्झिट

ब्रेक्झिटवर मी अकोल्यात मतदान घेतलं आणि त्यात दोन खोट्या चिठ्ठ्या टाकल्या. चूक माझी होती, आणि ती मी कुणाच्या सांगण्यावरून केली नव्हती. असल्या कामाला माझी मला अक्कल पुरते.

हे ज्यांच्यापायी घडलं ते आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. या माणसाने उभ्या आयुष्यात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय खरी मानलेली नाही. सूर्य उगवला हेसुद्धा ते घड्याळ बघून मान्य करतात, आणि घड्याळ आदल्या रात्री रेडिओशी जुळवून ठेवलेलं असतं. वजनमापं खात्यात ते निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा तपासायचा, बरोबर निघाला तर त्यावर त्या वर्षाचा शिक्का ठोकायचा, चुकला तर उचलून न्यायचा, हे काम. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शाल आणि नारळ दिला, तर साडूंनी नारळ हातावर तोलून ‘पाणी कमी आहे’ असा शेरा मारला. नोकरी सुटली, शिक्का सुटला, तपासणी काही सुटली नाही. भाजीबाजारात ते कापडी पिशवीतून स्वतःचं एक किलोचं लोखंडी वजन नेतात. आधी ते काट्यावर ठेवायचं, बरोबर एक किलो दिसलं की मगच वांगी. भाजीवाल्या त्यांना लांबून ओळखतात आणि नसती भानगड नको म्हणून दोन वांगी जास्तीची टाकतात. साडू ती दोन वांगी परत काढून ठेवतात. म्हणतात, “जास्त देनं म्हनजेही खोटंच तोलनं आहे, बाई.” त्यांना नात झाली तेव्हा नर्स बाळाला काट्यावर ठेवायला निघाली, तर हे आडवे. “सिस्टर, आधी शून्य दाखवा.” बाळ रडतंय, बाळाची आई रडतेय, ताई कपाळाला हात लावून उभ्या. नर्सने वैतागून रिकामा काटा दाखवला, तर शून्य नव्हतंच. आधीच्या बाळाचं टोपडं काट्यावर राहून गेलं होतं. तेव्हापासून साडूंना ‘जाऊ द्या हो’ असं म्हणायची आमच्या घराण्यात कुणाची हिंमत राहिली नाही.

पुढाऱ्यांनाही तीच कसोटी. नगरसेवकपदाचा एक उमेदवार हात जोडून दारात आला. साडू म्हणाले, “आधी शून्य दाखवा.” तो बिचारा म्हणाला, “काका, आपल्यापाशी शून्यच आहे, म्हणून तं उभा राहून राहिलो.” साडूंना हे उत्तर इतकं पटलं की त्यांनी त्याला बसवून चहा पाजला. मत दिलं की नाही ते मात्र सांगत नाहीत. राज्यशास्त्रातला त्यांचा सिद्धांत एकच आहे आणि तो ते जेवताना, बसमध्ये, अंत्ययात्रेत, कुठेही मांडतात. “किराणा दुकानातला काटा वर्षातून एकदा तपासा लागते, अन् नेता पाच वर्षांतून एकदा! काहून? काटा खाऊन खाऊन खाईन किती? मूठभर साखर!”

ते निवृत्त झाले त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात, युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर लोकांचा कौल घेतला गेला. साडूंचं तिकडे कुणी नाही. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. नागपूरच्या पलीकडे ते आयुष्यात एकदाच गेले, तेही झोप लागली आणि गाडी गोंदियाला पोचली म्हणून. पण बाहेर पडा म्हणणाऱ्यांनी एका बसवर, युरोपला दर आठवड्याला किती पैसा जातो, असा भला मोठा आकडा रंगवून ती देशभर फिरवली आणि तो आकडा खरा नव्हता म्हणून पुढे बोंब झाली, हे त्यांच्या वाचनात आलं आणि त्यांच्यातला निरीक्षक खडबडून उठला. “बिनाशिक्क्याचा आकडा! बसवर! भर रस्त्यानं!” त्यांचं म्हणणं सरळ होतं. खोट्या काट्यावर माल तोलला तर तो पुन्हा तोलावा लागतो. तसा हा कौल पुन्हा घ्यायला पाहिजे. मग ते मोबाइलवर तिथल्या संसदेतली भांडणं बघायला लागले. इंग्रजी निम्मं समजायचं, पण कोण खोटं बोलतोय ते मानेवरून कळतं म्हणायचे. यथावकाश तिकडचे लोक भांडले, त्यांचे पंतप्रधान बदलले, पुन्हा बदलले, देश रीतसर बाहेर पडला. अकोल्यात प्रकरण अजून प्रलंबित आहे.

ते प्रलंबित राहिलं याचं कारण काटेवाले भाईजान. मूळचे बाळापूरचे, अकोल्यात तराजू-काटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. दुरुस्त केलेले काटे भाईजान घेऊन यायचे आणि साडू तपासून शिक्का मारायचे. ओळख झाली तीही अशी की साडूंनी एका काट्यात फरक सापडला म्हणून भाईजानचे सगळेच्या सगळे चाळीस काटे परत पाठवले. भाईजान चाळीसही काटे पुन्हा खोलून, पुन्हा जुळवून दुसऱ्या दिवशी हजर. तेव्हापासून तीस वर्षं या दोघांची सकाळ एकत्र. आधी बागेतल्या कट्ट्यावर नऊ निवृत्त मंडळींबरोबर बसायचं, मग भाईजानच्या दुकानात एका चहाचे दोन करायचे. भाईजानचंही ब्रेक्झिटवर ठाम मत होतं. “साहेब, खोटं बोलनाऱ्याले धरा ना! लोकायनं जबान दिली, तिले काहून धरता? एकदा दिली तं दिली.”

हे सात-आठ वर्षं गोडीगुलाबीने चाललं. गेल्या दिवाळीच्या सुमारास मात्र एका सकाळी भाईजानच्या तोंडून निघून गेलं, “साहेब, तुमाले हारनं पचत नाई, म्हनून पुन्हा मोजा म्हनता.” आणि साडू उलटून म्हणाले, “अन् तुमी खोट्या काट्यालेही सलाम ठोकता!” आता बघा, जन्मभर निःपक्ष राहिलेल्या निरीक्षकाला हरायला घाबरणारा म्हणणं, आणि काट्याच्या कारागिराला खोट्या काट्याचा वकील म्हणणं. दोघांनीही नेमकं जिथे लागायचं तिथे मारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून भाईजान कट्ट्याच्या एका टोकाला, साडू दुसऱ्या टोकाला. दुकानातला चहा बंद. महिना झाला, दीड महिना झाला. शेवटी ताईंचा अमरावतीला आमच्याकडे फोन आला. “यायचं जेवन अर्ध्यावर आलं बाप्पा. बाजारात जातेत अन् तपासल्याशिवाय वांगे घेऊन येतेत. कालचे दोन किडके निंगाले.” हे ऐकून माझी बायको खुर्चीत बसली. किडकी वांगी! प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

मी म्हणालो, “मी मिटवतो.” बायको म्हणाली, “तुमी नका जाऊ, मी जाते.” शेवटी दोघंही गेलो. बसमध्येच माझ्या डोक्यात योजना तयार झाली. कट्ट्यावर गुप्त मतदान घ्यायचं. प्रश्न एकच, ‘तिकडे पुन्हा कौल घ्यायला हवा होता का?’ चिठ्ठीवर हो किंवा नाही. मी अमरावतीचा, म्हणजे तटस्थ निरीक्षक. पण लगेच एक अडचण दिसली. भाईजान हरले तर मान डोलावून हरतील. साडू हरले तर? ते पुन्हा मतदान घ्या म्हणतील, आणि आम्ही उन्हाळ्यापर्यंत अकोल्यातच. तेव्हा शांततेसाठी साडूंनीच जिंकणं इष्ट होतं. एक जास्तीची ‘हो’ पुरेल की नाही अशी शंका आली, म्हणून मी दोन लिहून खिशात ठेवल्या. लोकशाही कशी बिघडते ते मला त्या दिवशी आतून समजलं. बिघडवणारा मनाने फार चांगला असतो.

सकाळी कडाक्याची थंडी. अकराही जण कानाला मफलर गुंडाळून हजर. ताईंचा चिवड्याचा डबा मतपेटी म्हणून फिरला. मी गंभीर चेहऱ्याने डबा हलवला आणि हलवता हलवता माझं शांतताकार्य उरकलं. मोठ्याने मोजलं. “हो, सात. नाही, सहा. पुन्हा कौल हवा होता, असा निकाल लागला आहे.” कट्ट्याने टाळ्या वाजवल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा भाईजान उठून साडूंच्या टोकाला गेले आणि त्यांनी हात पुढे केला. “मुबारक हो, साहेब. मले मान्य आहे.”

काम फत्ते! आता साडूंनी तो हात हातात घ्यायचा, एवढंच उरलं होतं. साडूंनी हात अर्धा वर उचलला आणि तिथेच थांबवला.

“सात न् सहा किती?” ते म्हणाले.

मंडळींत एक पोस्टमास्तर होते, त्यांनी सवयीने सांगून टाकलं, “तेरा.”

“अन् आमी किती?”

माणसं मोजली गेली. दोनदा. बागेच्या माळ्याने मत दिलं का, अशीही चौकशी झाली. मग साडूंनी डबा ओतला, तेराही चिठ्ठ्या कट्ट्यावर मांडल्या आणि एकाच शाईच्या, एकाच वळणाच्या दोन चिठ्ठ्या नेमक्या बाजूला काढल्या. इतकी वर्षं मी त्यांना दिवाळीची पत्रं पाठवत आलो, त्याचं हे फळ. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. “साडभाऊ,” ते म्हणाले, “माह्याच बाजूनं खोटं? माह्यासाठी?” एखाद्याने त्यांच्या घरात चुंबक लावलेला काटा आणून ठेवावा तसा त्यांचा आवाज झाला होता.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. साडू उभे राहिले आणि म्हणाले, “हा निकाल रद्द. मी जिंकलो, पन रद्द. पुन्हा मोजा.” भाईजान म्हणाले, “रद्द कसा? मी सगळ्यायच्या समोर मान्य केला. हारलो तं हारलो. खोटं करनाऱ्याले धरा, मी माही जबान फिरवत नाई.” साडू म्हणाले, “अरे, खोटी मतं काढली तं तुमीच जिंकता ना! सहा-पाच!” भाईजान म्हणाले, “जिंकत असन. मले नाई पायजे.” जिंकलेला पुन्हा मोजा म्हणत होता आणि हरलेला हरण्यावर अडून बसला होता. दोघंही हट्टाने लाल झाले. मग एकदम, दिवाळीच्या सुमारास जे बोलले होते ते दोघांनाही एकाच वेळी आठवलं असावं. भाईजानने पायातली चप्पल नीट केली. म्हणाले, “साहेब, हारनं पचत नाई म्हटलं होतं मी. ते मागं घेतो. तुमाले जिंकनंही पचत नाई.” साडू घसा खाकरून म्हणाले, “अन् तुमी खोट्याले सलाम नाई ठोकत. तुमी दिलेल्या शब्दाले ठोकता. माह्यं चुकलं.” मग ठरल्यासारखे दोघेही माझ्याकडे वळले, आणि माझा पंचनामा झाला. पोस्टमास्तरांनी लिहिला, दहा जणांनी सह्या केल्या, अकरावे साडू म्हणाले, मी नातेवाईक आहे, मी सही करणार नाही.

नंतर ते दोघं दुकानाकडे चालायला लागले. साडूंना हल्ली एका डोळ्याने कमी दिसतं, म्हणून त्यांचा हात भाईजानच्या खांद्यावर होता. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. बिघडले तर लोक नवे घेतात. भाईजानच्या दुकानात दुरुस्तीला कुणी फारसं येत नाही. पण दुकान रोज उघडतं, आणि साडू रोज जातात. रस्त्याच्या वळणापर्यंत मला त्यांचे आवाज ऐकू येत होते. “पन साहेब, त्या बसवाल्याले तवाच धरलं असतं तं...” “तेच तं मी म्हनून राहिलो!” “नाई, तुमी येगळं म्हनून राहिले.” धुक्यात दोन मफलर दिसेनासे झाले. तपासणारा आणि जुळवणारा. अशी माणसं विकत मिळत नाहीत, असं काहीतरी मनात आलं आणि मला उगाच भरून आलं.

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर गेल्यावर मी बायकोला म्हणालो, “कसं का होईना, शेवटी दोघांना एकत्र आणलं कोणी? मीच ना?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुमच्यावर भरोसा ठेवता येत नाई, या एका गोष्टीवर त्यायचं एकमत झालं. त्यात तुमी काय केलं?”