खाटेपासून पाण्यापर्यंत

शिरपूरचे नाना घराचा नकाशा काढण्याआधी डोळे मिटून घ्यायचे. मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारून घ्यायचे आणि मग हा साठीचा माणूस हात पुढे करून रेघांमधून चालू लागायचा. जाणारे-येणारे हसायचे. "काहून नाना, चष्मा घरी राह्यला काय?" नाना डोळे न उघडताच म्हणायचे, "हसा बाप्पा. लाइट गेली का तुमी बी आपल्या घरात असेच चालता."

घरमालक हॉलचं सांगत असायचा, टीव्हीच्या भिंतीचं सांगत असायचा. नानांचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हातारं कोण हाय घरात? त्याची खाट कुठी?" खाट नेहमी मधल्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीला. स्वयंपाकघरात माठाचा गोल. आणि दोन्हींच्या मध्ये ठिपक्यांची सरळ रेघ. वाटेत कोपरा नाही, उंबरा नाही, सात पावलांच्या वर अंतर नाही. बाकीचं घर त्या रेघेच्या अवतीभवती बसायचं.

आमच्या मळ्यातलं घर त्यांनीच काढलं. तेव्हा मला शाळा सोडून चार वर्षं झाली होती. वांगी, मेथी तोडायची आणि बाजारात न्यायची, एवढंच माझं जग. नानांनी नकाशा माझ्यापुढे सरकवला. "वाच."

"मले नाई येत, नाना. नववीतच सोडली शाळा."

"मंग? हे काय धडा हाय? तुह्यं घर हाय. दारातून आत ये अन् काय दिसते ते सांग."

मी बोट दारावर ठेवलं, आत गेले, चुलीपाशी थांबले. म्हटलं, इथला धूर आजीच्या खाटेवर जाईल. नानांनी खोडरबर काढून खिडकी हलवली. जाताना बाबांना म्हणाले, "पोरीले वाशिमले कम्प्युटरच्या क्लासले घाला. इले घर दिसते." आज मी जे खाते ते त्या वाक्याचं खाते.

आता मी हैदराबादला असते. आमच्या ऑफिसात कम्प्युटरला घरांचे नकाशे वाचायला शिकवतात. ही भिंत, हे दार, हा खांब, अशा खुणा आम्ही करतो. मग कोणी एक नकाशा दिला की कम्प्युटर त्याच्यासारखे बाकीचे शोधून मांडतो. तिथले सगळे शिकलेले आहेत. आपलं शिक्षण कधी कोणी विचारेल, या धाकात मी पाच वर्षं काढली.

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा साखरेच्या आजारानं नानांची नजर गेली होती. त्यांनी नकाशांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"माह्यी माय लाइट गेल्यावर पान्याले उठली अन् भिंतीच्या कोपऱ्यावर पडली. खुबा मोडला, मंग उठलीच नाई. ते घर मीच काढलं होतं." मग म्हणाले, "तवापासून रेघ मारतो. पण एखाद्या घरात चुकलो असन तं? मले आता दिसत नाई. तुह्या कम्प्युटरले इचार."

मी वाशिमला सगळे नकाशे स्कॅन केले आणि कागद नानांना परत दिले. ते ऑफिसच्या कम्प्युटरला देऊ का, हे साहेबांना विचारायचं धाडस व्हायला आठ दिवस लागले. ते हो म्हणाले, तेव्हा घाईघाईनं ऑफिसच्या रीतीनं नकाशे साफ केले. भिंत, दार, खिडकी, खांब सोडून बाकी सगळं घाण समजून पुसायचं, ही ती रीत. साफ केलेले नकाशे त्याच नावानं ठेवले आणि जुने गेले. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर एकाही घरात खाट नव्हती, एकही रेघ नव्हती.

घाबरून नानांना फोन लावला, कागद सांभाळा म्हणायला. ते म्हणाले, "कागद कायले? पोरीच्या कम्प्युटरमंदी गेले म्हनून रद्दीत देले. तू सांग, पाह्यलं काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पाह्यलं नाना. सगळ्या घरात रेघ सरळ हाय."

नाना म्हणाले, "बरं झालं माय."

महिन्याभरानं नाना गेले. मला जाता आलं नाही.

त्यानंतर एका रविवारी मी आमच्या मळ्यातल्या घराचा नकाशा कम्प्युटरला दिला. त्याच्यासारखे सगळे समोर आले. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एक खांब दाखवला होता. स्वयंपाकघरात खांब कोण घालतो, असं मनात आलं आणि हात थांबला. ते माठ होते. गोल होते म्हणून मशीनला खांब वाटले आणि पुसायचे राहिले. खाटेची जागा मला पाठच होती. चार रविवार बसून एकेका घरात मी रेघ परत मारली. सगळीकडे सरळ गेली. फोनवर सांगितलेलं खोटं खरं निघालं, आणि सांगायला नाना नव्हते.

यादीत सगळ्यात शेवटी, कोणाशीच न जुळणारा, त्यांच्या स्वतःच्या घराचा नकाशा होता, त्यांची माय पडली त्या घराचा. तिथे रेघ भिंतीला अडते. ती भिंत पुसायला एक बटण पुरे. मी बोट ठेवलं होतं. मग उचललं. नानांचं पुसायचं तेवढं मी एकदा पुसून बसले आहे.