सामन्याच्या दिवसाचे उपास

आमच्या बोरी बुद्रुकला केबल आली तेव्हा माझी मोठी मुलगी पाच वर्षांची होती आणि धाकटी दीड. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मला तिसरं मूल नको होतं. दोन्ही बाळंतपणं अवघड गेली होती, तांबी मानवली नव्हती आणि दोन मुली मला पुरेशा होत्या. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई महिन्यातून एकदा वस्तीवर यायच्या. त्यांच्या पिशवीत ऑपरेशनचा कागद असायचा. त्यावर नवऱ्याची सही हवी होती. आमचे हे कागद हातात घ्यायचे, दोन्ही बाजूंनी बघायचे आणि म्हणायचे, "बघू."

सासूबाई तेवढंही म्हणायच्या नाहीत. "एक पोरगं व्हऊ द्या, मग खुशाल करा काय करायचं ते," असं सांगून नर्सबाईंना चहा द्यायच्या. चहा पिऊन नर्सबाई पुढच्या वस्तीवर. माझ्याकडे मात्र दर महिन्याला तारखा मोजणं उरायचं. दोन दिवस उशीर झाला तरी रात्री उठून मी पुन्हा बोटांवर मोजायचे.

केबल ह्यांनी क्रिकेटसाठी घेतली होती. जानेवारीतल्या एका सकाळी हे कांद्याच्या लागवडीला निघून गेले आणि टीव्ही तसाच चालू राहिला. त्या दिवशी संकष्टी होती. सासूबाईंचा नियम होता, की उपाशी बाईनं रानात राबायचं नाही. त्यांना स्वतःला पित्तामुळे उपास झेपत नसे, भोवळ यायची. म्हणूनच की काय, दुसऱ्याच्या उपासाचा त्या फार मान ठेवायच्या. त्यामुळे मी घरात, मांडीवर सूप घेऊन बाजरी निवडत बसले होते.

पडद्यावर ऑस्ट्रेलियातला टेनिसचा सामना लागला होता. एक उंच, हाडकुळी बाई डाव्या हाताने खेळत होती. माझं सूप थांबलं. मी डावखुरी. लग्न होऊन आल्यापासून "डाव्या हातानं भाकरी थापती, बघा!" हे मी रोज ऐकत होते. आणि इथे ही बाई डाव्या हाताने चेंडू असा मारत होती की समोरची जागेवरून हलत नव्हती, आणि लोक टाळ्या वाजवत होते. बारावीपर्यंतच्या इंग्रजीवर मला एवढं समजलं, की ती सत्तावीस वर्षांची आहे आणि समालोचकांच्या मते आता म्हातारी झाली आहे. मीही सत्तावीसची होते. दोन गेमच्या मधे बसायला मिळालं की ती केळं खायची. मीही त्या दिवशी केळ्यावरच होते.

ती जिंकली. पुढचा सामना गुरुवारी, असं सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, आज दत्ताचा उपास धरलाय."

"धर की. मग बस घरात. उपाशी बाई उन्हात जाती व्हय?"

इतकं सोपं होतं ते. शिनोलीला माहेरी जायचं तरी मला महिनाभर आधी विषय काढावा लागे. इथे एका वाक्यात अर्धा दिवस मिळाला. शनिवारी मारुतीचा उपास. सोमवारी भीमाशंकराचा. त्या सोमवारी ती हरली आणि मंगळवारी मी पुन्हा कांदा लावायला वाकले.

मधल्या महिन्यांत ती टीव्हीवर दिसली नाही. तिचं नाव पेपरच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात सापडायचं. दूध डेअरीत पेपर यायचा आणि दूध घालायला जाणारी मीच होते. कॅन मापात रिकामा होईपर्यंत मी निकाल वाचून घ्यायचे. आज कुठल्या शहरात, कोणाशी, किती फरकाने. ती आठवड्याला एक देश बदलत होती. मी घर ते डेअरी, डेअरी ते घर.

मे महिन्याच्या शेवटी पॅरिसची स्पर्धा सुरू झाली. तिथले सामने आपल्याकडे दुपारी दिसायचे. वर्षाचे गहू निवडून ठेवायचे दिवस ते, म्हणजे बसायला कामही होतं. ती एकामागून एक जिंकत गेली आणि माझे उपास वाढत गेले. सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार, पुन्हा सोमवार. साबुदाणा खाऊन खाऊन मला आंबट ढेकर यायला लागले. पण आता दुसरीच गंमत झाली होती. एका शुक्रवारी मी जेवले होते, आणि त्याच दिवशी ती दुहेरीत हरल्याचं मी दुसऱ्या दिवशी डेअरीतल्या पेपरात वाचलं. तेव्हापासून मला वाटू लागलं, की माझ्या उपासाचा तिच्या खेळाशी काहीतरी संबंध आहे. मी तशी देवभोळी नाही. तरी वाटू लागलं, हे खरं.

उपांत्यपूर्व सामना बुधवारी आला. बुधवारचा उपास कोणाचा, हे मला सुचेना. मी चुलीपाशी घुटमळत होते, तर सासूबाईच म्हणाल्या, "आगं, बुधवार विठोबाचा. धर, धर. लई देवाचं करती सून माझी." मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

त्या बुधवारी ती हरली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर धुणं धुताना चुलत जाऊबाई म्हणाल्या, "काय गं, लई कडक धरलेत म्हणं उपास? पोरगाच होणार बघ तुला. आत्यांनी सगळ्या भावकीत सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"आता लाजती कशाला? तू पोरासाठी उपास करती म्हणून. त्या परवा खंडोबाला नवस बोलून आल्यात. नातू झाला की त्याचं जावळ देवापुढंच काढायचं."

मी हातातला पिळा तसाच दगडावर ठेवला.

संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे नर्सबाईंकडून मागून ठेवलेला कागद धरला. नर्सबाई दोन दिवसांनी येणार होत्या.

"आता कशाला?" हे खरंच गोंधळून म्हणाले. "आई म्हणती तू पोरासाठी उपास धरलेत. मंग ऑपरेशन कसलं मागती?"

"मी पोरासाठी धरलेले नाहीत."

"मंग कशासाठी?"

मी खरं सांगितलं. टेनिस, ती डावखुरी बाई, पॅरिस, सगळं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दोघंही एकदम हसायला लागले. मी लग्नानंतर इतकं मोठ्याने हसणं त्या घरात ऐकलं नव्हतं.

"गोऱ्या बाईसाठी उपास!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आगं, लाज वाटती तर सांगू नको. पण देवाच्या गोष्टीत खोटं बोलू नये, बाई."

हे म्हणाले, "बघू," आणि कागद देवळीत ठेवला.

मी स्वतःच विणलेल्या जाळ्यात बसले होते. उपास सोडून द्यावेत, तर शेतावरून सुटका नाही आणि सामना नाही. चालू ठेवावेत, तर प्रत्येक उपास तिसऱ्या मुलाच्या बाजूने मोजला जाणार. आणि खरं सांगून झालं होतं. त्याच महिन्यात मला नऊ दिवस उशीर झाला. सासूबाई मला कळशी उचलू देईनात, जेवताना माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढू लागल्या. दहाव्या दिवशी मी मोरीत जाऊन कडी लावली आणि सुटकेने भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले. बाहेरून सासूबाई विचारत होत्या, "काय झालं गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. अजून जोर लावून धर उपास."

जूनअखेरीस लंडनची स्पर्धा आली. तिथली हिरवळ मला आवडायची, पण त्या वर्षी मी ती नीट पाहिली नाही. पहिल्या सामन्याला उपास धरला तो जवळजवळ सासूबाईंच्या हुकमाने. त्यांनी आता आठवड्याचे वारच बांधून दिले होते. पाच सवाष्णींना जेवायला घालून उद्यापन करायचं, तोवर खंड पडता कामा नये. "एक जरी उपास मोडला ना, तर सगळं पाण्यात. नवसच फुकट जातो," असं त्या मला आणि घरी येणाऱ्या प्रत्येकीला सांगायच्या.

हे वाक्य मी पंधरा दिवस ऐकत होते. त्यात माझ्या कामाचं काही आहे, हे मला उशिरा कळलं.

ती उपांत्य फेरीत पोहोचली. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या पुढे. सामना गुरुवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी. म्हणजे दत्ताचा वार. भुईमुगाची खुरपणी चालू होती आणि त्या सकाळी मी आपणहून रानात गेले. सासूबाई म्हणाल्या, "उपाशी कुठं चालली?" मी म्हटलं, "जरा वेळ जाऊन येते."

दुपारी बांधावरच्या आंब्याखाली सगळ्या जेवायला बसल्या. वस्तीवरच्या सहा जणी, चुलत जाऊबाई आणि डबे घेऊन आलेल्या सासूबाई. कोणाच्या तरी फडक्यात सुकट होती, कांदा घालून परतलेली. मी हात पुढे केला.

"मला पण द्या."

"आगं, तुझा गुरुवार!" जाऊबाई ओरडल्या.

मी बाजरीची भाकरी मोडली, डाव्या हाताने, आणि सुकटीबरोबर खाल्ली. अर्धी नाही, अख्खी. पहिल्या घासाला मला सासूबाईंची भीती वाटली नाही. वाटलं ते हे, की आज ती हरणार आणि ते माझ्यामुळे. तरी मी दुसरा घास घेतला. तिला पुढच्या वर्षी पुन्हा खेळता आलं असतं. माझी गोष्ट तशी नव्हती.

"मोडला," मी म्हणाले. "आता नवस नाही, काही नाही. मला ऑपरेशन करायचंय, आत्या."

सासूबाईंनी डबे गोळा केले आणि त्या घराकडे निघाल्या.

संध्याकाळी मी सामना पाहिला, कोणालाही न विचारता. ती तिसऱ्या सेटपर्यंत लढली आणि हरली. तिची सर्व्हिस बिघडली होती. माझ्या पोटातल्या सुकटीचा आणि तिच्या सर्व्हिसचा काही संबंध नाही, हे मला कळत होतं. तरी टीव्ही बंद करताना मला तिच्याकडे बघवेना.

एवढ्यावर मी सुटले असं मला वाटलं होतं. पुढच्या गुरुवारी सासूबाईंनी चहासुद्धा घेतला नाही.

"तू मोडलास," त्या म्हणाल्या. "मी धरते. देवापुढं कुणी तरी उभं राहाया पायजे."

त्यांनी सहा गुरुवार धरले. मी समजावलं, आमचे हे समजावत राहिले, पण त्या ऐकेनात. मला वाटायचं, मी पिंजऱ्याचं एक दार तोडलं आणि ही म्हातारी आपल्या पाठीने तिथे उभी राहिली. सातव्या गुरुवारी गोठ्यासमोर त्यांना भोवळ आली आणि त्या शेणाच्या पाटीवर आडव्या झाल्या. ह्यांनी त्यांना उचलून ओसरीवर आणलं. शुद्धीवर आल्यावर पाणी दिलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. उपास होता.

हे उठले, घरात गेले आणि देवळीतला कागद घेऊन आले. जागेवर उभ्या उभ्या, मोठ्या मुलीच्या पेन्सिलीने सही केली. नंतर नर्सबाईंनी पेनाने पुन्हा करायला लावली, ते वेगळं.

"झाली सही," ते आईला म्हणाले. "आता कशासाठी उपास धरतीस? पाणी पी."

सासूबाईंनी कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्यांनी तांब्या घेतला.

ऑपरेशनचा कॅम्प थंडीत लागायचा, त्यामुळे मला जानेवारीपर्यंत थांबावं लागलं. तेवढे चार महिने मी तारखा मोजल्या. ऑपरेशन झालं आणि टाके घेऊन मी घरी आले. आठ दिवस जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी टीव्हीसमोर गोधडीवर पडून राहिले. ऑस्ट्रेलियातली स्पर्धा त्याच आठवड्यात सुरू झाली होती. या वेळी बसायला कुठल्याच देवाचं नाव घ्यावं लागलं नाही.

ती पहिल्याच फेरीत हरली. पाऊण तासात.

सासूबाई ताट घेऊन आल्या. तेव्हा पडद्यावर ती आपली बॅग भरत होती. सासूबाईंनी जरा वेळ तिच्याकडे निरखून पाहिलं.

"हीच का ती डावरी?"

"हीच."

"हरली व्हय? वाळलीय किती!" त्यांनी ताट माझ्या डाव्या बाजूला ठेवलं. "तू जेव आधी. निवतंय."