सिस्टरांची स्कूटर

त्या वस्तीत त्यांना नावाने कुणीच ओळखत नसे. ते सिस्टरांचे मिस्टर. बायको नर्स. इस्पितळातली नोकरी संपल्यावरही ती घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. आणि सिस्टरांच्या नवऱ्याला मिस्टर म्हणण्यावाचून लोकांना दुसरं काही सुचलं नाही. मिस्टर स्वतः कवळ्या बनवायचे. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे बारीक ज्योतीपुढे बसून मेणात एकेक दात बसवायचे. दिवसभर हातात दुसऱ्यांची तोंडं, आणि स्वतःच्या तोंडात शब्द नाही.

स्कूटर सिस्टरांची होती. मिस्टरांना ती चालवता येत नव्हती. तरुणपणी एकदा शिकायला गेले आणि थेट भिंतीवर जाऊन थांबले, तेव्हापासून त्यांनी मागची सीट धरली ती कायमची. रोज सकाळी सिस्टर त्यांना दवाखान्याच्या दारात सोडायच्या आणि मग आपल्या पेशंटांकडे जायच्या. मांडीवर डबा घेऊन बायकोच्या मागे बसलेले मिस्टर दिसले की लोक हसायचे. मिस्टरही हसायचे. त्यांना ती जागा आवडायची. समोरासमोर बसून त्यांना कधी फारसं बोलता आलं नाही, पण तिच्या खांद्यामागून बोलणं सोपं जायचं. वाऱ्यात निम्मं उडून जायचं, ते एक बरंच होतं.

मग परदेशातल्या मुलीला दिवस गेले आणि सिस्टर तिच्याकडे निघाल्या.

"तुम्ही येऊन काय करणार तिथे?" बॅग भरता भरता त्या म्हणाल्या. "तिचं घर केवढंसं. आणि मी काय तिथे राहायला चाललेय? बाळाने मान धरली की येतेच."

मिस्टर म्हणाले, "हो, तेही खरंच."

"आणि स्कूटर दर रविवारी चालू करत जा. चालवू नका, नुसती चालू करा. उभी राहून राहून जाम होते ती."

बाळाने मान धरली. मग ते पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं, मुलगी पुन्हा नोकरीवर रुजू झाली, आणि परतीचं तिकीट दरवेळी पुढे पुढे सरकत राहिलं. मिस्टर बसने कामावर जाऊ लागले. संध्याकाळी घरी आले की आधी रेडिओ लावायचे, मग चपला काढायचे. जेवायला दोन ताटं काढायची हाताची सवय बरेच दिवस गेली नाही. दुसरं ताट ते मुकाट्याने परत मांडणीवर ठेवायचे.

रविवारची सकाळ मात्र ठरलेली. जिन्याखाली जायचं, स्कूटर स्टँडवर घ्यायची, किक मारायची. इंजिन तापलं की बंद करायचं आणि बायकोला फोन लावायचा. तिथे तेव्हा दिवस मावळत असायचा.

"झाली चालू?"

"झाली."

"जेवण नीट करताय ना?"

"करतोय."

"कामाच्या बाई येतात?"

"येतात."

मग सिस्टर बाळाला फोनसमोर धरायच्या, बाळ फोन चाटायला बघायचं, आणि "बरं, ठेवू?" म्हणेपर्यंत इकडे इंजिनही पुरतं गार झालेलं नसायचं.

थंडीतल्या एका रविवारी स्कूटर चालू झालीच नाही. मिस्टरांनी किक मारून मारून पोटऱ्या दुखवून घेतल्या. नुसती खोकल्यासारखी उबळ यायची आणि पुन्हा गप्प. शेवटी त्यांनी फोन लावला.

"अगं, चालू होत नाहीये."

"पेट्रोल आहे?"

"आहे. हलवून बघितलं. डुबुक डुबुक वाजतंय."

"कॉक उघडलाय?"

"उघडलाय."

"चोक?"

"ओढलाय."

"किती वेळ किक मारताय?"

"बराच वेळ."

"अहो, मग नाकातोंडात पेट्रोल गेलं असेल तिच्या! थांबा आता. फोन कशावर तरी टेकवून ठेवा, मला दिसू दे. डिकीत प्लग-पाना आहे, तो काढा."

मिस्टरांनी फोन जिन्याच्या पायरीवर उभा केला आणि डिकी उघडली. आत तिचा रेनकोट, कापसाचा गुंडाळा, केसांची एक क्लिप. पाना तळाशी होता. त्यांनी प्लग काढला आणि कवळी धरावी तसा दोन बोटांत धरून फोनसमोर नेला.

"ओला आहे की काळा?"

"दोन्ही."

"पुसा. मग पॉलिश पेपरने टोक घासा, हळू. तुमचंच काम आहे ते."

ते खरंच त्यांचंच काम होतं. जिन्याच्या पायरीवर बसून ते टोक घासू लागले आणि सिस्टर बघत राहिल्या. एकदा अशीच भर उन्हात रस्त्यात गाडी बंद पडली होती आणि तुम्ही प्लगऐवजी माझ्यावरच फुंकर घालत बसला होतात, असं काहीसं त्यांना आठवलं. मिस्टर हसले. मग वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पायाची चौकशी झाली. त्या पायाची जखम सिस्टरच बांधायच्या. मग नळ गळतोय का, तो पिवळा स्वेटर कुठल्या कपाटात आहे, मुलगी कशी दमते. बोलता बोलता सिस्टरांनी, जणू नळाचीच गोष्ट असावी तसं, सांगून टाकलं, "मला वाटतं, मी अजून वर्षभर थांबावं इथे. पाळणाघर परवडत नाही हो त्यांना. तुमचं काय म्हणणं?"

मिस्टरांचा हात थांबला. मग पुन्हा घासू लागला.

"थांब की," ते म्हणाले.

"आणि गाडी विकून टाका. उगाच तुमच्या गळ्यात पडलीय."

तेवढ्यात मुलीने हाक मारली आणि फोन बंद झाला. मिस्टरांनी प्लग बसवला. किक मारली. स्कूटर फुरफुरली आणि चालू झाली.

आवाज जिन्यातून वर गेला. वरच्या गॅलरीत खुर्ची सरकली आणि आजोबा कठड्यावरून वाकून ओरडले, "सिस्टर! आल्या का सिस्टर?"

"नाही, आजोबा. मीच आहे."

"असं होय," आजोबा म्हणाले आणि आत गेले.

मिस्टरांनी गाडी बंद केली. वर येऊन हात धुतले, पण पेट्रोलचा वास काही गेला नाही. भात लावताना त्यांच्या मनात आलं, किती दिवसांनी आपण एवढं बोललो! पेट्रोलपासून स्वेटरपर्यंत. आणि ती बघत होती.

पुढच्या रविवारी त्यांनी फोन लावला तेव्हा सिस्टरांनी आधी तेच विचारलं.

"झाली का हो चालू?"

मिस्टरांनी स्कूटरकडे पाहिलं. ती आत्ताच एका किकमध्ये चालू झाली होती. सायलेन्सर अजून ऊन होता.

"नाही गं," ते म्हणाले.

खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पण सिस्टर तोवर कामाला लागल्या होत्या. "मग कार्बोरेटर बघू या. घाबरू नका, मी सांगते तसं करा." मिस्टरांनी सांगितलं तसं सगळं केलं. झाकण काढलं, जेट काढला, तिच्या नजरेसमोर उजेडात धरून त्याचं भोक आरपार दिसतंय का ते पाहिलं, फुंकर मारली, परत बसवला. त्यानंतरच्या रविवारी एअर फिल्टर. त्यानंतर पेट्रोलची नळी. किक मारायची वेळ आली की ते हळूच चावी बंद ठेवायचे. असं करता करता त्या स्कूटरचा एकही स्क्रू त्यांच्या हातातून जायचा राहिला नाही. चालवता मात्र अजूनही येत नव्हती. आणि प्रत्येक स्क्रूबरोबर काहीतरी बोलणं निघायचं: लग्नात आलेला मोठा पंखा, तिच्या इस्पितळातली खडूस मेट्रन, बाळाचा पहिला दात. दाताच्या बाबतीत मिस्टर अधिकाराने बोलले.

शेवटी सिस्टर कंटाळल्या. "आता ती आपल्या हातातली नाही राहिली," त्या म्हणाल्या आणि तिकडूनच त्यांनी आपल्या जुन्या गॅरेजवाल्याला फोन केला.

तो दुसऱ्याच संध्याकाळी हत्यारांची पिशवी घेऊन आला. मिस्टरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण त्याने चावी फिरवून पहिलीच किक मारली आणि स्कूटर ठणठणीत सुरू झाली. त्याने कान देऊन ऐकलं. मग मिस्टरांकडे बघितलं.

"काका, गाडी तर एकदम झकास आहे. हिला झालंय काय?"

"आत्ता... आत्ता होतेय वाटतं," मिस्टर म्हणाले.

गॅरेजवाला बरा माणूस होता. त्याने पिशवी उचलली, पाणी प्यायला आणि निघून गेला. पण सिस्टरांनी विचारल्यावर त्याने जे होतं ते सांगितलं. त्याने का सांगू नये?

फोन आला तो रविवार नव्हता. मिस्टर नुकतेच कामावरून आले होते, रेडिओही लावला नव्हता.

"अहो, गाडीला काही झालेलंच नव्हतं म्हणे."

मिस्टरांनी हातातला डबा खाली ठेवला.

"पहिल्या दिवशी खरंच बंद होती ना?"

"हो. पहिल्या दिवशी होती."

"आणि नंतर?"

दाराशी उभ्या उभ्या त्यांनी एक चप्पल काढली. दुसरी पायातच राहिली. "तू सांगत होतीस," ते म्हणाले, "म्हणून मी करत होतो."

सिस्टर चिडल्या असतील, असं मिस्टरांना वाटलं. मग लक्षात आलं की त्या नाक ओढताहेत.

"तुम्ही तरी काय," त्या म्हणाल्या. "नुसतं म्हणायचं होतंत, बोलत राहा म्हणून."

"ते कसं म्हणायचं?"

"बरं, मग आता बोला," त्या म्हणाल्या. "स्कूटर सोडून बोला काहीही." मिस्टरांनी खूप विचार केला. शेवटी ते म्हणाले ते एवढंच, की इथे थंडी कमी झालीय. त्या म्हणाल्या, इथे नाही झाली अजून. मग बाळ उठलं.

सिस्टर त्या वर्षी आल्या नाहीत. स्कूटर मिस्टरांनी गॅरेजवाल्याला देऊन टाकली. जिन्याखाली तिच्या जागी आता वरच्यांच्या कुंड्या आहेत. पण एक झालं. मधल्या वारी कधीतरी सिस्टर आपण होऊन फोन लावतात, आणि दोघांचंही बोलणं संपलं तरी बंद करत नाहीत. तिथल्या ओट्यावर फोन तसाच पडलेला असतो. नळ वाहतो, बाळ चमचा आपटतं, सिस्टर कुणाला तरी "अरे, सांडशील" म्हणतात. इकडे मिस्टर ताट वाढून घेतात, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवतात आणि ते ऐकत ऐकत सावकाश जेवतात.