पिंपातला गणपती आणि केमिस्ट्रीचा पेपर

मुलगी रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. केमिस्ट्रीचा पेपर देऊन एसटीने पेणला आली, चप्पल न काढताच पडवीत बसली आणि म्हणाली, "गेला." मला वाटलं कोणी माणूस गेला.

पेपर गेला म्हणजे धाटावच्या कंपनीतली लॅबची नोकरी गेली. पास झालीस तर ये, असं त्यांनी सांगितलं होतं. नोकरी गेली की कोलाडच्या हायवेवरच्या हॉटेलवाल्याचं स्थळ होतंच. ह्यांनी तिकडे "बहुतेक होच समजा" म्हणून ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण बोलताना टेबल पुसल्यासारखा हात फिरवायचा.

आशा एकच, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा बाकी होती आणि तिचे मार्क लेखीच्या मार्कांत धरणार होते. प्रोजेक्ट मागीलदारी पिंपात पडला होता. हे गणपतीच्या कारखान्यात रंगाने मूर्तींचे डोळे काढतात. तिथली सोंड मोडलेली, बिनरंगाची प्लास्टरची मूर्ती मुलीने आणली आणि बेकरीत नानकटाईला घालतात ती पावडर पाण्यात कालवून तिच्यात बुडवली. मूर्ती कशी विरघळते ते बघायचं होतं. वास असा सुटला की मांजरही मागच्या दाराने येईना.

सासूबाई रोज कुरकुरायच्या. "देवाला मुताच्या वासात बसवलाय गो तुम्ही."

"आये, डोळे काढले नायत त्याचे. तवर देव नाय, माल हाय," हे म्हणायचे. कारखान्यात सगळे तसंच मानतात. नाहीतर गणपतीच्या खांद्याला टेकून तंबाखू मळता आली नसती.

पेपर गेल्याचं ऐकून सासूबाईंचा धीर सुटला. देव पिंपात कोंडला म्हणूनच हे झालं, असं त्यांनी ठरवलं. दुपारी आम्ही आडव्या झालो असताना त्यांनी पिंपात जास्वंद वाहिली आणि वर मूठभर हळद टाकली. पाणी लाल झालं. त्या पायरीवरच बसल्या. "रगत आलं गो."

मुलगी धावत आली. मला वाटलं, आता रडणार. ती हसायला लागली. "आजी, असल्या पाण्यात हळद लालच होते. तुझं कुंकू असंच करतात, हळदीत चुना घालून."

त्या पाण्याची बाटली भरून ती तोंडी परीक्षेला गेली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे लाल कशाने? तिने सगळं सांगितलं, मुताच्या वासासकट. ते चष्मा काढून हसले, मग हळदीवरच प्रश्न विचारत बसले. तिला ते येत होतं. मार्क चांगले दिले. लेखीत आपटली होतीच, पण दोन्ही मिळून पास झाली.

देवाला हळद वाहिली म्हणून पास झाली, असं सासूबाई आळीभर सांगत सुटल्या. खोटंही म्हणता येईना.

मग कोलाडची माणसं उत्तर घ्यायला आली. हे पंख्याकडे बघत बसले. परक्या पुरुषांसमोर माझा आवाज फुटत नाही, पण हे काही बोलायची चिन्हं दिसेनात. चहाचा ट्रे ठेवला आणि दारात उभी राहूनच म्हटलं, "ती पास झाली. धाटावला कामाला जाणार हाय."

मुलाचा काका म्हणाला, "वैनी, कामच करायचं तर आमच्या गल्ल्यावर बसू दे."

"गल्ल्यावर तुमचा गणपती असेल ना? त्याला कुठे उठवता?" मी म्हटलं.

आत सासूबाई खोकल्या, का हसल्या, कळलं नाही. काकाने चहाचा घोट घेतला आणि कपात बघितलं. साखर घालायची राहिली होती. सगळ्यांनी तो तसाच संपवला आणि उठले.