सिंगापूरची चिंच

साऱ्या जगाला किती आंबट लागतं याची काळजी वाहणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो केडगावातला माझा घरमालक होता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सोनईजवळच्या खेड्यातून मी नगरला शिकायला आलो, तेव्हा या गृहस्थांनी मला खोली दिली आणि पहिल्या दिवसापासून 'बीकॉम' म्हणायला सुरुवात केली. पदवी मला विद्यापीठाने बरीच उशिरा दिली.

मालक रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी पोती रवाना केली, पण ती पुढे कुणाच्या घरी उघडली हे त्यांना कधी कळलं नाही. ती रुखरुख त्यांनी म्हातारपणी हाती घेतली. परसात चिंचेची तीन झाडं होती. बहात्तरच्या दुष्काळातही लगडलेली. या तीन झाडांची चिंच परदेशी धाडायची, पण आधी तिकडची मागणी नीट पाहायची, असा त्यांचा बेत. म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयातून परदेशी व्यापाराच्या आकडेवारीचे जाडजूड सरकारी खंड मी आणायचे आणि त्यांनी ते मांडीवर घेऊन बसायचं. इंग्रजी त्यांना गावांच्या नावांपुरतं येई. एखाद्या देशाचा आकडा घसरला की त्यांचा चेहरा उतरे. "हितं कुनाचं तरी बिनसलंय, बीकॉम. खानारी मानसं अशी एकदम सोडत न्हाईत."

पुस्तकावर त्यांचं भागत नसे. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबरच "तुमच्याकडं बाहेरनं काय काय येतं?" हा प्रश्न पुढे येई. शेवगावला एका लग्नात तर ते जेवून उठले आणि उष्ट्या पत्रावळींपाशी जाऊन उभे राहिले. किती वाढलं आणि किती उरलं हे पाहिल्याशिवाय खरा खप कळत नाही, हे त्यांचं शास्त्र. नवरीचा मामा धावत आला. "आवं पाव्हणं, भूक ऱ्हायली आसंल तर नवी पत्रावळ घ्या की! तितं काय बघताय?" मालक गंभीरपणे म्हणाले, "बसा तुमी. तुमची आमटी चालतीय, पर भाताला उठाव न्हाई."

त्यांचा खरा जीव मात्र सिंगापूरवर. नकाशात मोहरीएवढं दिसणारं ते बेट आपल्याकडून एवढी चिंच घेतं हे वाचल्यापासून ते त्या लोकांना ओळखीचे समजू लागले. घरटी हिशेब मांडून, ही माणसं सकाळपासून चिंचेचं सारच पीत असली पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं. "लई बोलकी आसनार," ते म्हणत. "आंबट खानारं मानूस गप बसत न्हाई."

पत्नी गेल्यापासून मालकांच्या घरात बोलणारं कुणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. भाड्यासाठी नव्हे, भिंतीपलीकडे कुणी खाकरावं म्हणून ते खोली देत. मुलं येत, शिकत, निघून जात. मी तरी राहावं असं त्यांना फार वाटे. "नगरातच कायतरी बघा की," एवढंच म्हणत आणि खंडात डोकं घालत.

पुढे मला पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. मालक म्हणाले, "जाताच हाय तर सिंगापूरची बाजूबी बघून या." पुण्यातल्या मोठ्या ग्रंथालयात मला त्या देशाची स्वतःची आकडेवारी सापडली. आलेली चिंच बहुतेक सगळी बोटीने पुढे दुसऱ्या देशांना जात होती.

परत आलो तेव्हा ते ओट्यावर चिंच फोडत बसले होते. मी सांगितलं.

"मंग तितं कुनी खातच न्हाई?"

"थोडी खात असतील, मालक. बाकीची तिथं फक्त उतरते."

"ऱ्हात न्हाई?"

"नाही."

बराच वेळ ते चिंचोके वेगळे करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "तुमचं काय झालं?"

"लागली नोकरी. सोमवारी हजर व्हायचंय."

"ब्येस झालं," ते म्हणाले. "लई ब्येस झालं." आणि फोडलेलीच चिंच पुन्हा फोडू लागले.

निघताना त्यांनी मीठ लावलेला चिंचेचा एक गोळा फडक्यात बांधून हातात दिला. "नमुना हाय. पुन्यात खपती का बघा."

पुण्यात मी खानावळीत जेवत असे. तिथली आमटी गोड. रोज मालकांच्या गोळ्यातला एक तुकडा आमटीत कुस्करायचा आणि जेवायचं, असा माझा क्रम पडला. पहिल्या पगारानंतर केडगावला गेलो. माझी खोली रिकामीच होती. पाया पडून मी सांगितलं, "मालक, तुमचा माल खपला. सगळा."

"पुढं कुठं धाडला?"

"कुठंच नाही. मीच खाल्ला."



"सगळा?"

"सगळा."

"मंग आनखी लागंल की," असं पुटपुटत ते घाईने आत गेले. डबे सरकवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. मी ओट्यावर बसून राहिलो. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.